कालिंदीचा डावा पाय

संपाचं दुसरं वर्ष लागलं तशी लालबागच्या चाळीतली गडी माणसं भर दुपारी घरात दिसू लागली. गिरणीचा भोंगा मुका झालेला. कोण कधी उठतो, कधी जेवतो, कशाला काही धरबंध उरला नव्हता. बायका मात्र पहाटेपासून पदर खोचून बाहेर पडत, कारण पोट काही संपावर जात नाही.

गुणाजी साचेखात्यातला जुना कामगार. चार साचे, म्हणजे माग, एकटा सांभाळायचा. सूत तुटलं तर दुसऱ्याला दिसायच्या आत त्याच्या बोटांनी गाठ मारलेली असायची. आता तो भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या उचलायचा, आणि ओळखीचं कुणी समोरून आलं की डोक्यावरचं फडकं तोंडावर ओढून घ्यायचा. घर चाललं होतं ते त्याच्या बायकोच्या, मालनच्या हातांवर. ती बाळंतिणींना चोळायची आणि बाळांना न्हाऊ घालायची. हे काम तिला सासूनं संगमेश्वरात शिकवलं होतं. तोंडाची फटकळ, पण हात असा की रडून निळं पडलेलं पोर तिच्या मांडीवर पाचव्या मिनिटाला जांभया देई. बायका म्हणायच्या, मालनच्या हाताला गुण आहे. मालनलाही ते ठाऊक होतं, आणि तिला त्याचा चांगलाच गर्व होता.

तिची एकुलती एक पोर कालिंदी, नऊ वर्षांची, पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. त्यामुळे कालिंदी चार वर्षांची झाल्यापासून चाळीचा दवाखानाच होऊन बसली होती. रात्रपाळी करून आलेले दांडगे बाप्ये तिच्यासमोर पालथे पडायचे आणि ती डावा पाय त्यांच्या कमरेवर टेकवून तीनदा दाबायची. पुन्हा वर डॉक्टरीणबाईसारखा दम द्यायची, "आता आंघोळ करू नको हां, काका."

मागल्या गणपतीत या पोरीला ताप आला, तो उतरेना. अंगावर निळे डाग उठले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेली तर निघाला रक्ताचा कॅन्सर. गुणाजी तिथल्या तिथे फरशीवर बसला. मालन बसली नाही. तिनं डॉक्टरांना एवढंच विचारलं, "बरी होईल का?"

डॉक्टर चेऊलकर म्हणून गिरगावच्या बाई होत्या. बुटक्या, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "हल्ली बरीच मुलं बरी होतात. सगळी नाहीत. पण औषध अर्ध्यावर तुटता कामा नये. तुटलं की आजार दुप्पट जोरानं उठतो."

ते वाक्य मालननं गाठीला बांधलं. केस गळले, तोंड आलं, पोर काटकी झाली, पण एकही वार चुकला नाही. फेब्रुवारीत एक दिवसाआड द्यायचं नवं इंजेक्शन सुरू झालं. जोरदार औषध होतं. त्याचे दहा डोस पुरे झाले पाहिजेत, असं चेऊलकरबाईंनी बजावलं होतं. पाच झाले होते.

शनिवारी सकाळी शेजारची राधाबाई भिंत धरत धरत दारात आली. पाण्याची कळशी उचलताना तिची कंबर धरली होती.

"मालन, पोरीला बरं नाय ता म्हायत हाय गो मला. पन नुसता पाय टेकव म्हन तिला. वाकाक होईना मला."

मालन नको म्हणणार होती. पण अंथरुणावरच्या कालिंदीचे डोळे केवढे तरी चमकले. सहा महिन्यांत तिला कुणी काही काम सांगितलंच नव्हतं. राधाबाई चटईवर पालथी झाली. कालिंदीनं मालनच्या खांद्याचा आधार घेऊन पाय टेकवला आणि तीनदा दाबला. राधाबाई कण्हत उठली आणि सरळ चालत घरी गेली.

संध्याकाळी कालिंदीची डावी पोटरी दुखायला लागली.

"माझीच उसन गेली तिच्या पायात," राधाबाईनं कपाळावर हात मारला. "अशक्त पोर ती. तिला झेपली नाय."

मालनला ते पटलं. दुसरं काय असणार? इतक्या जणांची दुखणी त्या पायानं ओढून घेतली, एखादं राहिलं असेल अडकून. तिनं खोबरेल कोमट केलं, पोरीचा पाय मांडीवर घेतला आणि पोटरीपासून वर मांडीपर्यंत दाबून चोळला. रविवारी सकाळी चोळला. रविवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा हात लावला, तशी कधी हूं की चूं न करणारी पोर किंचाळली.

मालनचा हात थांबला.

लचकेला हात लावला की माणूस आधी ओरडतं, मग सैलावतं. इथे पाय सैलावत नव्हता. तो गरम होता, कातडी ताणून चकाकत होती, आणि मांडीच्या आतल्या बाजूला बोटाखाली काहीतरी ताठ, दोरीसारखं लागत होतं. वीस वर्षांत असा पाय मालनच्या हाताखाली आला नव्हता.

"अवो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "जरा सूत द्या."

गुणाजीनं कोनाड्यातल्या बॉबिनीचं सूत तोडून दिलं. मालननं उजव्या पोटरीला वेढा घेतला आणि टोक जिथं भिडलं तिथं गाठ मारली. तेच सूत डाव्या पोटरीला लावलं तर टोक गाठीला भिडेना. दोन बोटं अंतर राहिलं.

"उचला तिला," मालन म्हणाली. "पाय हलवू नका. आत्ताच्या आत्ता."

लालबागपासून परळपर्यंत गुणाजी पोरीला दोन्ही हातांवर आडवी घेऊन चालत गेला. मालन शेजारून पाय तोलून धरत होती. चादरीच्या टोकातून तेलाचा वास येत होता.

चेऊलकरबाई वॉर्डातच होत्या. त्यांनी पाय उघडा केला, पण बोटही लावलं नाही.

"चोळलंत का?"

"नाय," मालन म्हणाली.

असं तोंडावर खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. बाकावरच्या बायका बघत होत्या. बाईंनी चादरीवरचा तेलाचा डाग बोटानं दाखवला.

"मग हे कुणी लावलं?"

मालनची मान खाली गेली. "मीच. तीन वेळा. खालून वर, दाबून. माझं कामच हाय ते, बाई. लोक बोलावून नेतात मला."

चेऊलकरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या. "ज्या इंजेक्शनानं कॅन्सर मरतो ना, त्यानंच कधीकधी अंगातलं रक्त घट्ट होतं. हिच्या पायाच्या आतल्या शिरेत गुठळी धरलीय. कुणाची उसण नाही आणि काही नाही. चोळलं की ती गुठळी सुटू शकते. सुटून फुप्फुसात गेली तर मग आमच्याही हातात काही राहात नाही."

"सुटली असंल का?"

बाईंनी कालिंदीच्या छातीला नळी लावली, दोन्हीकडून ऐकलं.

"अजून तरी नाही," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून कालिंदीच्या हाताला हेपॅरिनची बाटली लागली. रक्त पातळ ठेवणारं औषध. पाय उशीवर उंच. नवं इंजेक्शन बंद. पाचाचे सहा होईनात. मालन खाटेशेजारी स्टुलावर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पोर कळवळायची, "आई, जरा चोळ ना गो. तू चोळलंस की बरं वाटतं." आणि आई नुसती म्हणायची, "नाय बाय. नाय चोळायचं." गावभर जिच्या हाताची वाखाणणी, तिला आपल्याच पोरीच्या पायाला हात लावता येईना. मालनला आपल्या हातांची किळस आली. जेवतानासुद्धा ती त्यांच्याकडे बघत नसे.

एकच काम तिनं स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी ती सूत काढायची आणि पोटरीला न दाबता, अलगद वेढा घ्यायची. जिथं टोक भिडेल तिथं गाठ. दुसऱ्या दिवशी गाठ तिथंच, तिसऱ्या दिवशीही तिथंच. चौथ्या दिवशी गाठ तांदळाच्या दाण्याएवढी अलीकडे आली.

पाचव्या दिवशी नाकातून रक्त सुटलं. कॅन्सरच्या औषधांनी रक्त थांबवणाऱ्या पेशी आधीच कमी केलेल्या, त्यात हे पातळ करणारं औषध. इकडे आड तिकडे विहीर. बोळ्यामागून बोळे भिजत होते. बाईंनी बाटलीचे थेंब कमी केले आणि गुणाजीला म्हणाल्या, "ताजं रक्त लागेल. दोघं-तिघं आणा."

गुणाजी गेला तो दीड तासानं परतला. मागं साचेखात्यातले अकरा जण. पायी आलेले, घामाघूम, टोप्या हातात. त्यांत दत्तू पुढारी. त्याच्या कमरेवर कालिंदीचा पाय दहा वेळा तरी लागला असेल.

"अहो, इतकी माणसं नकोत," चेऊलकरबाई म्हणाल्या.

"घ्या, बाई," दत्तू बाही वर करत म्हणाला. "वर्षभर देन्यासारखं काय राहिलं नाय आमच्याकडं. एवढंच हाय."

चौघांचं जुळलं. उरलेले सात जण आपलं का घेतलं नाही म्हणून जिन्यात हुज्जत घालत बसले. संध्याकाळपर्यंत नाक थांबलं. कालिंदीनं डोळे उघडून विचारलं, "दत्तूकाकाचं रक्त घातलं? मग आता मी पण घोषणा देणार." गुणाजी हसला. संप सुरू झाल्यापासून मालननं त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी बाईंनी रोजच्यासारखी मापाची पट्टी काढून पोटरी मोजली आणि मालनच्या सुताकडे नजर टाकली. "हे काय?" मालननं लाजत गाठी दाखवल्या. बाईंनी सूत पट्टीवर धरलं. रोजची गाठ खाटेच्या कागदावरच्या त्या त्या दिवसाच्या आकड्याला तंतोतंत भिडत होती. सूत परत देताना बाईंनी ते नीट गुंडाळून दिलं.

शेजारच्या खाटेवर धर्मा होता, सहा वर्षांचा. माझगावच्या जाईबाईचा पोरगा. जाईबाई मासळी विकणारी कोळीण, अंगानं भरभक्कम, मनानं लोण्याहून मऊ. धर्मालाही तेच इंजेक्शन चालू होतं. दहाव्या दिवशी दुपारी तिनं मालनला हाक दिली.

"गो बाय, पोराचा हात ठणकतंय. सुई लावली ना, त्या बाजूचा. तुझे हाताला गुन हाय म्हनतात. जरा फिरव ना."

मालन उठली आणि दोन पावलांवर थांबली. "मी नाय लावायची हात. न् तू पन लावू नको."

जाईबाईचा चेहरा पडला. "आमी कोली म्हनून?"

"खुळी काय तू!" मालन कडाडली. "माझ्या पोरीला मी चोळून मारत होते, म्हनून!"

मग ती वाकून नुसतं बघत राहिली. धर्माच्या सदऱ्याची उजवी बाही दंडात रुतली होती, डावी लोंबत होती. उजव्या खांद्यावर आणि छातीवर निळ्या शिरा उमटल्या होत्या, डावीकडे एकही नव्हती. मालननं सूत काढलं. बोटभर फरक भरला.

ती तडक हेरंब डॉक्टरांकडे गेली. ते नवे होते, दोन रात्रींचे जागे. म्हणाले, "सुई लागली की सूज येतेच, ताई. थंड पट्टी ठेवा. जागेवर बसा."

"ही ती सूज नाय, डॉक्टर. शिरा बघा त्याच्या."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. मालनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. कालच्या मालननं मान खाली घातली असती. पण तीन वेळा चोळलेला पाय तिच्या डोळ्यांसमोर होता. कुणी वेळेवर सांगितलं असतं तर, हा एकच विचार तिच्या डोक्यात घोंगावत होता. चारला चेऊलकरबाईंची फेरी आली, तशी ती सरळ जाऊन औषधांच्या गाडीसमोर उभी राहिली. वॉर्डबॉयनं दंड धरला, तो तिनं झिडकारला.

"आधी त्या पोराचा हात बघा, बाई. मग मला हाकला."

चेऊलकरबाई धर्माच्या खाटेशी गेल्या. सदरा काढला, दोन्ही दंड मोजले, गळ्यापाशी बोट ठेवून पाहिलं. मग हेरंबकडे न बघताच म्हणाल्या, "शिरेत डाय घालून फोटो काढायला घ्या. आत्ता. आणि हेपॅरिन तयार ठेवा."

गुठळीच होती. दंडातून गळ्याच्या शिरेकडे सरकत होती, पण अजून लहान होती. दोन दिवस उशीर झाला असता तर डोक्याकडची वाट अडली असती, असं बाईंनीच जाईबाईला सांगितलं. जाईबाईनं काही ऐकून घेतलं नाही. तिनं मालनचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. दहा दिवसांत मालननं पहिल्यांदा त्या हातांकडे पाहिलं, आणि मग ती अशी रडली की वॉर्डातल्या मीरा सिस्टरला पाणी आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी हेरंब डॉक्टर स्वतः स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. "ताई, तो दोरा कसा धरता, दाखवा बघू."

"दाबायचा नाय," मालन म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "दाबला की खोटं बोलतो."

अठराव्या दिवशी कालिंदीचे दोन्ही पाय सारखे भरले. तेव्हा चेऊलकरबाईंनी नवराबायकोला बाजूला घेतलं.

"पाच इंजेक्शनं राहिलीत. दिली तर गुठळी पुन्हा धरण्याची भीती. नाही दिली तर कॅन्सर उलटण्याची. मी म्हणते, रक्त पातळ ठेवण्याच्या सुया पोटावर चालू ठेवून पुरी करू. पण पहारा कडक लागेल. तुमचं काय म्हणणं?"

गुणाजीनं मालनकडे पाहिलं.

"द्या," मालन म्हणाली. "पहाऱ्याला मी हाय."

ते दहा दिवस मालन वाघिणीसारखी बसली. सकाळ-संध्याकाळ चारी हातपायांना सूत. पोरगी कंटाळून म्हणायची, "आई, मी काय कापडाचा तागा आहे?" सहावं झालं. सातवं झालं. आठव्याला पोटरी दुखली म्हणताच मालननं सूत लावलं, पण गाठ जागची हलली नव्हती. पाय वाकडा ठेवून झोपली होती कार्टी. दहावं इंजेक्शन संपलं तेव्हा सिस्टरनं रिकामी सुई वर धरून दाखवली आणि जाईबाईनं वॉर्डात अशी आरोळी ठोकली की खालचा पहारेकरी धावत वर आला.

पुढं अडीच वर्षं गोळ्या, तपासण्या, येरझाऱ्या चालल्या. या अडीच वर्षांत संप कुणी मागं घेतला नाही आणि कुणी जिंकलाही नाही, तो नुसता विरला. गिरणीची दारं उघडली, पण गुणाजीचं नाव कुणी पुकारलं नाही. तो हिंदमाताला कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागला. गिऱ्हाइकापुढं पदर पसरला की विणीतली चूक त्याला आधी दिसायची, आणि मालक नजरेनं दटावायचा तेव्हा तो गप्प बसायचा. मालन चोळायला जातच राहिली. फक्त आता ती आधी विचारायची, "कसलं औषध चालू हाय? सूज एका बाजूला की दोन्ही बाजूला?" दर बुधवारी ती हॉस्पिटलात नव्या आयांच्या घोळक्यात बसायची. चेऊलकरबाईंनीच तिला बसवलं होतं. बाई शिरा आणि गुठळ्या समजावून सांगायच्या. आयांच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. मग मालन पुढं सरसावायची, "बायांनो, मी पोट भरते ते चोळून. मी सांगते, चोळायचं नाय." ते मात्र सगळ्यांना कळायचं. त्या वर्षांत तीन पोरांच्या गुठळ्या त्यांच्या आयांनीच आधी ओळखल्या. चेऊलकरबाईंनी ते आकडे फळ्यावर लिहिले होते.

कालिंदीची शेवटची गोळी पंच्याऐंशीच्या दिवाळीत बंद झाली. रक्त स्वच्छ होतं. केस आले होते ते कुरळे, आधीपेक्षा दाट.

पुढच्या जानेवारीत परळच्या मैदानावर शाळाशाळांच्या लंगडीच्या मॅची होत्या. कालिंदी बारा वर्षांची, शाळेच्या संघातली सगळ्यात बुटकी. गुणाजीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मालन एका बाळंतिणीला न्हाऊ घालून ओल्या पदरानिशीच धावत आली. धर्माला बखोटीला धरून जाईबाई आली. सुट्टी नसलेले हेरंब डॉक्टरही सायकल टेकवून मागं उभे होते, आपण सहज जाता जाता थांबलो आहोत असा चेहरा करून.

शेवटचा डाव. समोरच्या संघाच्या तीन पोरी अजून मैदानात, आणि लंगडी घालायला उरली एकटी कालिंदी. ती रेघेवर आली, आणि उजवा पाय वर घेतला.

"आई गं," मालन ओरडली, "डाव्यावर निघाली ही! उजव्यावर जा गो! कालिंदे, उजव्यावर!"

एकदा पाय उचलला की लंगडीत तो बदलता येत नाही. बदलला की बाद. कालिंदीनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या पायावर ती आत शिरली. पहिली पोरगी चार उड्यांत कोपऱ्यात कोंडली आणि शिवली. दुसरी चपळ होती. तिनं कालिंदीला मैदानभर नाचवलं, पुढं काय, मागं काय, आणि कालिंदी त्या एका पायावर तिच्यामागं मैदानाचं हे टोक ते टोक करत होती. पायाची पोटरी ताठ होत होती, सुटत होती, पुन्हा ताठ होत होती. मालनची मूठ जाईबाईच्या दंडात रुतली होती. दुसरीही शिवली.

शेजारी समोरच्या संघातल्या कुणाची तरी आई उभी होती. ती कावून म्हणाली, "काय पोरगी म्हणायची ही? दमते कशी नाही?"

मालन तिच्याकडे वळली. डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं आणि तोंडभर हसू होतं.

"दमली होती, बाई. तीन वर्षं दमून झालं तिचं. आता नाय दमायची ती."

तिसरी पोरगी रेघेजवळ सापडली. कालिंदीनं लांब उडी घेतली, बोटाची टोकं तिच्या पाठीला लागली, आणि त्याच पायावर ती उभी राहिली, डुलत, पण उभी. सगळं मैदान ओरडत होतं. मग शिट्टी वाजली आणि कालिंदीनं दुसरा पाय खाली टेकला.